घरच्या संगणकावर व्यावसायिक दर्जाची उपशीर्षके

चित्रपट किंवा चित्रफीत चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात संवादांचा जो मजकूर उमटतो, त्यास उपशीर्षके अर्थात सबटायटल असे म्हणतात. हे काम पूर्वी चित्रपट प्रयोगशाळा आणि दूरचित्रवाणी केंद्रे यांपुरते मर्यादित होते. आता साधा संगणक आणि मोफत मिळणारे संपादन सॉफ्टवेअर यांच्या साह्याने ते घरबसल्या करता येते. मात्र मजकूर पडद्यावर उमटवणे आणि तो प्रेक्षकाला सहज वाचता येईल असा उमटवणे या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. हे अंतर महागड्या सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. ते काही ठरावीक नियमांच्या पालनाने भरून निघते. या नियमांची आणि देवनागरी लिपीच्या विशेष अडचणींची माहिती येथे दिली आहे.

डाळजचे उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गाच्या परिसरात डाळज नं. १, डाळज नं. २ आणि डाळज नं. ३ अशी तीन गावे आहेत. हा सारा टापू उजनी धरणाच्या फुगवट्याचा. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील नदीकाठची अनेक गावे गेली. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर धरणाच्या पाण्यात आहे. पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांचीही तेथे वर्दळ असते.

पक्ष्यांच्या चित्रफिती विपुल निघतात. जुने गावठाण पाहिलेल्या, नदीचे मूळ पात्र ठाऊक असलेल्या पिढीचे बोलणे मात्र त्या मानाने फार थोडे नोंदले जाते. धरण भरले तेव्हा जे वीस वर्षांचे होते, ते आज पासष्टीच्या घरात आहेत. त्यांच्या बोलण्यातील 'पांढर', 'गाळपेर', 'चिलापी' असे शब्द आणि भीमाकाठचे उच्चार बाहेरच्या प्रेक्षकाला एका ऐकण्यात उमगतीलच असे नाही. मोबाइलवर टिपलेल्या आवाजात काठावरचा वारा आणि पाणी उपसणाऱ्या मोटारींचा आवाज मिसळलेला असतो. अशा चित्रफितीला उपशीर्षके नसतील, तर सांगणारा बोलतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत निम्मेच पोहोचते. समजा, डाळज परिसरातील एखाद्या महाविद्यालयीन तरुणाने गावातील ज्येष्ठांच्या आठवणींवर १२ मिनिटांचा माहितीपट तयार केला आहे. त्याला उपशीर्षके देण्याचे काम कसे करावे, हे क्रमाने पाहू.

थोडा पूर्वेतिहास

पडद्यावरील मजकुराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तो मूकपट असल्याने प्रसंगांच्या मधे मजकुराच्या चौकटी दाखवल्या जात आणि त्यांत इंग्रजीबरोबर भारतीय भाषेतील मजकूरही असे. १९३२ मधील प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'पासून मराठी पडदा बोलू लागला आणि मधल्या चौकटींची गरज संपली. त्याच वेळी परभाषक प्रेक्षकाचा प्रश्न उभा राहिला. प्रभातचाच 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला. पुढे 'श्वास' २००४ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तर 'सैराट' २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. उजनीच्या पलीकडच्या करमाळा भागातील बोली बर्लिनच्या प्रेक्षकाला समजली, ती उपशीर्षकांच्या आधाराने.

उपशीर्षकांचा उपयोग केवळ भाषांतरापुरता नाही. ज्या भाषेत संवाद, त्याच भाषेत मजकूर देण्याच्या पद्धतीचा वापर आपल्याकडे साक्षरतेसाठी झाला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी ही कल्पना मांडली आणि १९९९ मध्ये दूरदर्शनवरील गुजराती चित्रगीतांच्या कार्यक्रमात ती वापरली गेली. ओळखीचे गाणे ऐकत असताना त्याचे शब्द डोळ्यांसमोर येत राहिले, की अर्धवट शिक्षण सुटलेल्यांच्या वाचनाला आपोआप सराव मिळतो, हे त्यामागील तत्त्व होय. श्रवणदोष असलेल्या व्यक्तींसाठी तर उपशीर्षके ही मूलभूत गरज आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृक्श्राव्य माहिती सर्वांना सुलभ असण्याचा हक्क मान्य करण्यात आला आहे. चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठीही केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

दोन प्रकार

उपशीर्षकांचे तांत्रिकदृष्ट्या दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार चित्रातच कायमचा मिसळलेल्या मजकुराचा. त्याला 'बर्न-इन' किंवा खुली उपशीर्षके म्हणतात. ती बंद करता येत नाहीत आणि चूक राहिल्यास संपूर्ण चित्रफीत पुन्हा तयार करावी लागते. मात्र ती कोणत्याही मोबाइलवर, दूरचित्रवाणी संचावर किंवा प्रोजेक्टरवर हमखास दिसतात. दुसऱ्या प्रकारात मजकूर वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि प्रेक्षक तो हवा तेव्हा चालू किंवा बंद करू शकतो. एकाच चित्रफितीला मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक फाइली जोडता येतात आणि चूक दुरुस्त करण्यासाठी केवळ तेवढी फाइल बदलावी लागते.

उत्तम मार्ग असा, की काम नेहमी वेगळ्या फाइलीच्या स्वरूपात करावे आणि गरजेप्रमाणे तीच फाइल शेवटी चित्रात मिसळून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या किंवा ग्रामसभेत, शाळेत प्रोजेक्टरवर दाखवायच्या प्रतीत मजकूर मिसळलेला असावा. यूट्यूबवर टाकायची आणि जतन करायची प्रत स्वच्छ ठेवून तिच्यासोबत मजकुराची फाइल असावी. पन्नास वर्षांनी कोणी ही मुलाखत पाहील, तेव्हा त्याला मजकुराविना मूळ चित्रही मिळाले पाहिजे.

साधने

विंडोज मूव्ही मेकर हे अनेकांच्या परिचयाचे सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये ते देणे बंद केले. आजमितीस शॉटकट, ओपनशॉट आणि केडेनलाइव्ह ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही उपलब्ध आहे, मात्र तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. विंडोज ११ सोबत क्लिपचॅम्प, तर अ‍ॅपलच्या संगणकांवर आयमूव्ही मिळते.

निव्वळ उपशीर्षके लिहिण्यासाठी सबटायटल एडिट आणि एजिसब ही दोन मोफत साधने अधिक सोयीची आहेत. त्यांत आवाजाची लहर पडद्यावर दिसते, त्यामुळे शब्द नेमका कोठे सुरू झाला हे डोळ्यांनी पाहता येते. संपादन सॉफ्टवेअरमधील 'टायटल'च्या सोयीने प्रत्येक ओळ स्वतंत्र चौकटीत लिहिण्याची पद्धत नवख्यांमध्ये रूढ आहे. चार-सहा ओळींसाठी ती ठीक. १२ मिनिटांच्या माहितीपटात दीडशेच्या आसपास उपशीर्षके होऊ शकतात आणि प्रत्येकाचा टंक, आकार, जागा हाताने जुळवताना एकसारखेपणा टिकत नाही. एखादी ओळ थोडी वर, एखादी थोडी मोठी, हीच हौशी कामाची पहिली खूण असते.

मजकुराची फाइल

सर्वाधिक प्रचलित फाइलप्रकार 'एसआरटी' हा होय. ती साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते. प्रत्येक उपशीर्षकाचे चार भाग असतात: अनुक्रमांक, आरंभ व शेवटाची वेळ, मजकूर आणि त्यानंतर एक रिकामी ओळ. नमुना असा:

१
००:००:१२,५०० --> ००:००:१५,५००
पाणी आलं तेव्हा
देवळाचा कळस तेवढा वर राहिला.

यातील वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग अशी लिहिलेली असते. येथे वाचनसोयीसाठी आकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये अनुक्रमांक व वेळ इंग्रजी आकड्यांतच लिहावी लागते, अन्यथा सॉफ्टवेअरला ती ओळखता येत नाही. मजकुरातील आकडे देवनागरीत असण्यास हरकत नाही. फाइल जतन करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडणे आवश्यक आहे. ते विसरल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक खुणा उमटतात.

देवनागरीच्या अडचणी

मराठी उपशीर्षकांतील अनेक दोष टंकाशी निगडित असतात. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर हा यंत्राच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचाच असतो. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसेल, तर सारा मजकूर अगम्य होतो. म्हणून टंकन युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी संगणकात इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो आणि उच्चारानुसारी टंकनाचे पर्यायही मिळतात.

दुसरी अडचण अक्षरजोडणीची. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते, पण दिसायची ती आधी. ही मांडणी सॉफ्टवेअरला करावी लागते. ज्या सॉफ्टवेअरला ती येत नाही, त्यात वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी 'विठ्ठल', 'शिक्षण', 'स्त्री', 'दऱ्या', 'कृषी', 'ज्ञानेश्वर' एवढे सहा शब्द लिहून पाहावेत. सहाही नीट दिसले तर ते सॉफ्टवेअर मराठीस योग्य समजावे. विशेषतः 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेद टिकला पाहिजे, कारण पहिला शब्द डोंगरातल्या दऱ्यांचा आणि दुसरा समुद्राचा. अर्धा 'ऱ' हा आडव्या वळणाचा येतो की नाही, हे पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट अक्षरवळणाची. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची रूढ वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली होती. काही टंकांत मराठी वळणे मूळचीच असतात, काहींत भाषा मराठी निवडल्यावर ती प्रकट होतात. अर्थ त्यामुळे बदलत नाही, परंतु मराठी वाचकाच्या नजरेला आपले वळण चटकन ओळखीचे वाटते.

उपशीर्षकांसाठी साधा, एकसमान जाडीचा टंक घ्यावा. मुक्त, नोटो सॅन्स देवनागरी, हिंद हे टंक विनामूल्य मिळतात आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. लग्नपत्रिकेसारखे वळणदार किंवा बोरूने काढल्यासारखे टंक शीर्षकाला शोभतील, संवादाला नाही. मध्यम किंवा किंचित ठळक जाडी निवडावी. अतिबारीक रेघा व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफीत दाबली गेल्यावर तुटक दिसतात, तर अतिठळक टंकात 'ष' आणि 'क्ष' यांच्या पोकळ्या बुजतात.

आकार, जागा आणि रंग

१९२० बाय १०८० या आकाराच्या चित्रात अक्षराचा आकार ५० ते ५६ पिक्सेलच्या दरम्यान ठेवल्यास बहुतेक टंक सुवाच्य राहतात. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. ते अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.३ ते १.४ पट असावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

मजकूर मध्यभागी, तळापासून चित्राच्या उंचीच्या सुमारे दहाव्या भागाइतके अंतर सोडून ठेवावा. अनेक दूरचित्रवाणी संच चित्राच्या कडा थोड्या कापतात, म्हणून ही मोकळीक आवश्यक आहे. बोलणाऱ्याचे नाव व गाव दाखवणारी पट्टी त्याच जागी येत असेल, तर तेवढ्या वेळापुरती उपशीर्षके वर सरकवावीत.

रंग पांढरा असावा, फार तर फिकट पिवळा. सोबत दोन ते तीन पिक्सेलची काळी किनार द्यावी. उजनीच्या काठावरील चित्रणात येथे हमखास फसगत होते. दुपारचे चकाकते पाणी, पांढुरके आकाश आणि त्यात रोहित पक्ष्यांचा थवा, अशा दृश्यात पांढरी अक्षरे किनार असूनही विरघळून जातात. अशा वेळी मजकुरामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्यावी. मात्र ती पूर्ण चित्रफितीत सर्वत्र द्यावी. काही ठिकाणी पट्टी आणि काही ठिकाणी नुसती किनार, असे केल्यास नजर अडखळते. लाल, निळा, हिरवा अशा रंगांचा मोह टाळावा. अक्षरे उडत येणे, फिरत जाणे असले परिणामही टाळावेत. प्रेक्षकाचे लक्ष बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहिले पाहिजे.

वेळेचे गणित

व्यावसायिक कामाचा खरा कस वेळेत लागतो. यासंबंधीचे सर्वसाधारण दंडक पुढीलप्रमाणे आहेत:

१. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी असाव्यात आणि एका ओळीत साधारण ४२ पेक्षा अधिक चिन्हे नसावीत.
२. एक उपशीर्षक किमान एक सेकंद आणि कमाल सहा ते सात सेकंद दिसावे.
३. पहिला शब्द उच्चारला जाताच मजकूर यावा. बोलणे संपल्यावर तो अर्धा सेकंद रेंगाळल्यास चालते, पण आधी येऊ नये. गुपित किंवा विनोद आधीच फुटतो.
४. लागोपाठच्या दोन उपशीर्षकांत किमान दोन चौकटींचे अंतर असावे. सेकंदाला २५ चौकटी असतील, तर हे अंतर ०.०८ सेकंद होते. ते इतके सूक्ष्म असूनही मजकूर बदलल्याचे डोळ्याला त्यावरूनच कळते.
५. दृश्य बदलले की शक्यतो उपशीर्षकही बदलावे. दृश्य ओलांडून मजकूर तसाच राहिला, तर प्रेक्षक तो नवा समजून पुन्हा वाचू लागतो.

वाचनवेगाचा हिशेब मराठीत जरा जपून करावा लागतो. संगणक अक्षरे न मोजता चिन्हे मोजतो. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर, पण संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हे आहेत. वरच्या नमुन्यातील 'पाणी आलं तेव्हा देवळाचा कळस तेवढा वर राहिला.' या वाक्यात २१ अक्षरे आहेत, तर मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून संगणकाच्या मोजणीने ४४ चिन्हे होतात. सेकंदाला १५ चिन्हे हा सर्व वयोगटांना सोयीचा संथ वेग धरल्यास या वाक्याला सुमारे तीन सेकंद लागतात. ज्येष्ठ आणि नवसाक्षर प्रेक्षकांसाठी हा वेग योग्य आहे. शहरी, सरावाच्या प्रेक्षकासाठी तो वाढवता येतो. अंतिम निकष मात्र एकच: ज्याने संवाद ऐकलेला नाही अशा व्यक्तीला आवाज बंद करून चित्रफीत दाखवावी. तिला मजकूर वाचून झाल्यावर चेहरा पाहायला उसंत मिळाली, तर वेळ बरोबर आहे.

ओळ कोठे तोडावी

दोन ओळी कराव्या लागल्यास तोड अर्थाच्या जोडावर असावी. विशेषण एका ओळीत आणि नाम दुसऱ्या ओळीत, किंवा 'गेला' वर आणि 'होता' खाली, अशी विभागणी करू नये. वरच्या वाक्यात 'पाणी आलं तेव्हा' हा प्रसंग एका ओळीत आणि 'देवळाचा कळस तेवढा वर राहिला' ही घटना दुसऱ्या ओळीत आहे. हेच वाक्य 'देवळाचा'नंतर तोडले असते, तर कळस देवळापासून वेगळा पडला असता. संयुक्त क्रियापदे, नाव व आडनाव, संख्या व तिचे परिमाण या जोड्या एकत्र ठेवाव्यात.

दोन व्यक्ती एका वेळी बोलत असतील, तर प्रत्येकाची ओळ आडव्या रेघेने सुरू करावी. वाक्य पुढच्या उपशीर्षकात चालू राहणार असेल, तर शेवटी विरामचिन्ह देऊ नये. तीन टिंबे केवळ बोलणारा अडखळला किंवा थांबला तेव्हाच वापरावीत. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी अर्थपूर्ण आवाजही कंसात नोंदवावेत, उदाहरणार्थ [लांबून एसटीचा भोंगा] किंवा [बोलता बोलता हुंदका]. प्रत्येक पक्ष्याचा आवाज नोंदवण्याची गरज नाही. ज्या आवाजाने प्रसंगाचा अर्थ बदलतो, तेवढाच द्यावा.

बोलीचा प्रश्न

आता सर्वांत अवघड भाग. भीमाकाठच्या वृद्धेने 'पानी आलं नि समदं गेलं' असे म्हटले, तर पडद्यावर काय लिहावे? 'पाणी आले आणि सर्व गेले' असे लिहिल्यास अर्थ पोहोचतो, परंतु तिचा आवाज पुसला जातो. शिवाय कानावर एक आणि डोळ्यांपुढे दुसरे असे झाल्याने प्रेक्षक गोंधळतो. उलट प्रत्येक उच्चार हुबेहूब उतरवायचा ठरवल्यास वाचन मंदावते आणि प्रसंगी बोलणाऱ्याची थट्टा केल्यासारखे दिसते.

याबाबत पुढील धोरण उपयुक्त ठरते. शब्द बोलणाऱ्याचे ठेवावेत, 'समदं', 'व्हतं', 'म्हंजी' बदलू नयेत. अडखळणे, पुनरुक्ती, 'ते आपलं', 'काय म्हणत्यात' अशी निव्वळ भरती मात्र गाळावी. शुद्धलेखन एकदा ठरवून सर्वत्र सारखे ठेवावे, म्हणजे पहिल्या मिनिटात 'पानी' आणि सातव्या मिनिटात 'पाणी' असे होणार नाही. सर्वांत महत्त्वाचे असे, की एकाच चित्रफितीत गावकऱ्याचे बोलणे उच्चाराप्रमाणे आणि अधिकाऱ्याचे बोलणे प्रमाण लेखनाप्रमाणे, असा भेद करू नये. अधिकारीही बोलताना 'आलेलं', 'केलेलं' असेच म्हणतो. त्याला पडद्यावर 'आलेले', 'केलेले' करून दिले आणि शेतकऱ्याला तसेच ठेवले, तर दोघांच्या बोलण्याची किंमत प्रेक्षकाच्या नकळत वेगवेगळी ठरते.

इंग्रजी उपशीर्षके देताना प्रश्न वेगळा असतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्याचा कळीचा शब्दही पुष्कळदा शेवटी उच्चारला जातो. इंग्रजीत तो आधी येतो. अशा वेळी वाक्याचे दोन तुकडे करून महत्त्वाचा शब्द उच्चाराच्या वेळीच येईल असे पाहावे. 'गाळपेर' म्हणजे धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत केलेली पेरणी. एवढे स्पष्टीकरण दोन सेकंदांत मावत नाही. पहिल्या वेळी शब्दासोबत अगदी थोडक्यात अर्थ द्यावा आणि पुढे मूळ शब्दच रोमन लिपीत वापरावा. गावांची नावे भाषांतरित करू नयेत.

कामाचा क्रम

चित्रसंकलन पूर्ण झाल्याखेरीज उपशीर्षकांना हात घालू नये. नंतर तीन सेकंदांचे एक दृश्य कापले, तरी पुढच्या सर्व वेळा तीन सेकंदांनी चुकतात. मोबाइलवरील चित्रणात सेकंदाला पडणाऱ्या चौकटींची संख्या अनेकदा स्थिर नसते. त्यामुळे आरंभी बरोबर असलेली उपशीर्षके शेवटाकडे मागेपुढे होऊ लागतात. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने चित्रण आधीच स्थिर चौकटसंख्येत बदलून घेतल्यास हा दोष टळतो.

त्यानंतर संपूर्ण बोलणे कागदावर किंवा संगणकावर उतरवून घ्यावे. यासाठी आता यंत्राची मदत मिळते. २०२२ मध्ये खुली झालेली व्हिस्पर ही आवाज ओळखणारी प्रणाली मराठीही उतरवते आणि सबटायटल एडिटमधून ती वापरता येते. तथापि तिचा मजकूर कच्चा मसुदा समजावा. बोली, वाऱ्याचा आवाज आणि स्थानिक नावे यांपुढे ती चाचपडते. काही वेळा कोणी बोललेलेच नाही असे वाक्यही लिहून मोकळी होते. म्हणून प्रत्येक ओळ मूळ आवाजाशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे.

मसुदा पक्का झाला की तो लहान तुकड्यांत विभागावा, वेळा लावाव्यात, मग वाचनवेग तपासावा. जेथे बोलणे फार जलद आहे, तेथे अर्थ न बदलता मजकूर थोडा आटोपशीर करावा. शेवटी एसआरटी फाइल संपादन सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी, टंक, आकार, किनार, जागा हे सारे एकदाच ठरवावे आणि एका मिनिटाचा नमुना तयार करून तो संगणक, मोबाइल आणि दूरचित्रवाणी अशा तिन्ही ठिकाणी पाहावा. पेनड्राइव्हवरून चालवताना जुने दूरचित्रवाणी संच वेगळ्या फाइलमधील देवनागरी नीट दाखवतीलच असे नाही. तेथे मजकूर मिसळलेली प्रतच न्यावी. संगणकावरील व्हीएलसी प्लेअरमध्ये मात्र चित्रफीत आणि एसआरटी फाइल यांचे नाव एकच ठेवून त्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या, की मजकूर आपोआप दिसतो.

मोबाइलवर उभी चित्रफीत दाखवायची असल्यास हिशेब बदलतो. रुंदी कमी असल्याने एका ओळीत २० ते २५ चिन्हेच बसवावीत. खालच्या बाजूस अ‍ॅपची बटणे आणि मजकूर येत असल्याने उपशीर्षके बरीच वर, चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेजवळ ठेवावीत.

अखेरची तपासणी

तपासणी तीनदा करावी. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवून केवळ वाचन, दुसऱ्या वेळी डोळे मजकुरावर आणि कान आवाजावर ठेवून शब्दाशब्दाची पडताळणी, आणि तिसऱ्या वेळी नावे, गावे, साल व आकडे यांचीच स्वतंत्र तपासणी. 'पाणी आलं' आणि 'पाणी आणलं' यांत एका अक्षराचा फरक आहे. धरणकाठच्या गावात मात्र त्या दोन वाक्यांचा अर्थ अगदी उलट होतो. जमिनीचे क्षेत्र, गट क्रमांक, स्थलांतराचे वर्ष यांसारख्या तपशिलात चूक राहिली, तर लोक पडद्यावर लिहिलेले खरे मानतात आणि बोललेले विसरतात.

यानंतरची पायरी तांत्रिक नाही, पण ती गाळू नये. ज्यांचे बोलणे पडद्यावर उतरवले, त्यांना तयार चित्रफीत एकदा दाखवावी. वाचता येत नसल्यास घरातील कोणी उपशीर्षके मोठ्याने वाचून दाखवावीत. 'मी असं म्हणलो नव्हतो' हे वाक्य चित्रफीत गावभर गेल्यानंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे. दुरुस्तीला त्या वेळी केवळ एका फाइलमधील एक ओळ बदलावी लागते.

एवढे झाल्यावर स्वच्छ चित्रफीत, मजकूर मिसळलेली प्रत आणि एसआरटी फाइल अशा तिन्ही गोष्टी किमान दोन ठिकाणी जतन कराव्यात. फाइलच्या नावात गाव, विषय आणि वर्ष लिहावे. मजकुराची फाइल आकाराने अगदी लहान असते. मात्र कोणत्या मिनिटाला कोणी कोणत्या गावाचे नाव घेतले, हे पुढे शोधायचे झाल्यास तिचाच उपयोग होतो.